मागे लागलेला म्हातारा

पेट्रोहान घाट,
८ जुलै १९९५

ती. डाफिना आत्यास,
स्विलेनाचा सा. न. वि. वि.

घाटातल्या खानावळीत बसून लिहितेय. बूट बाहेर उन्हात, पाय मिठाच्या पाण्यात. चार दिवसांत कंटाळून प्लेवेनला परत याल असं तू म्हणाली होतीस. आलो नाही, हे आधी कळवते.

सुखाचं पहिलं सांगते, म्हणजे पुढची तक्रार तू मन लावून वाचशील. सकाळी धारेवर उभं राहिलं की ढग पायाखाली असतात आणि त्यांच्यातून डोंगरांची टोकं तेवढी वर. पाठीवर जेवढं आहे तेवढंच आपलं. बंद पडलेलं ऑफिस नाही, प्लामेन नाही, शेजारणींचे चेहरे नाहीत. वाटेत ब्लूबेरीची झुडपं एवढी की दोन तास चालून दोनशे पावलंसुद्धा पुढे सरकत नाही. हात आणि दात जांभळे. अडचणी म्हणशील तर टाचांना फोड, कधीच न वाळणारे मोजे, आणि धनगरांची कुत्री, जी आपल्याला लांडग्याचे नातेवाईक समजतात. परवा बीचच्या रानात रस्ता चुकलो, कारण वाटेच्या खुणा ज्या झाडांवर रंगवल्या होत्या ती झाडंच कोणीतरी तोडून नेली होती.

आता तक्रार. मी एकटी निघणार होते, तुला माहीत आहे. सगळा उन्हाळा स्तारा प्लानिनाच्या डोंगररांगेवरून माथ्यामाथ्याने समुद्रापर्यंत चालायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बाबांना काय झालं कोण जाणे, कॅनव्हासची जुनी पिशवी घेऊन दारात उभे. तिला मागे तुझं निळं पातेलं बांधलंय. एक पाऊल टाकलं की टण्, दुसरं टाकलं की टण्. अस्वलंसुद्धा पळतात, असं ते अभिमानाने सांगतात. चढावर मी धापा टाकत असते आणि मागून हे शाळेत गायनाच्या तासाला लावायचे तसा सूर लावतात. वाटेतल्या प्रत्येक झऱ्याच्या दगडावर कोणा ना कोणा मेलेल्या माणसाचं नाव असतं. हे टोपी काढून ते मोठ्याने वाचतात आणि त्याचे आभार मानतात. मागे माणसं खोळंबलेली असतात.

हेही चाललं असतं. पण सराईत सूप समोर आलं की सराईवाल्याला थेट सुरुवात, ही माझी मुलगी, हिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी ताटात डोकं घालून बसते. काल एका लाकूडतोड्याने माझं सांत्वन म्हणून स्वतःच्या पुतण्याचा पत्ता दिला. लाकूडतोड्याने, आत्या!

पुढचं पत्र तेतेवेनच्या पोस्टात ठेवायला सांग. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे आणि भावाला दोन शब्द सुनाव.

तुझी,
स्विलेना

पेट्रोहान घाट,
८ जुलै

ती. ताईस,
नेदेल्चोचा सा. न. वि. वि.

समोरच्या टेबलावर तुझी भाची तुलाच पत्र लिहितेय. चेहऱ्यावरून माझ्याच तक्रारी चाललेल्या दिसतात, म्हणून माझी बाजू याच टपालाने पाठवतो.

ताई, तू बळेच पाठवलंस म्हणून आलो, पण आता तुझे उपकार मानतो. तू पाठवलंस हे तिला कळू दिलेलं नाही. माझे गुडघे वासराचे आहेत. खाली उतरताना तरुण पोरं कण्हतात आणि मी पुढे. आवाजही परत आलाय. शाळेची नोकरी संपल्यावर आणि तिची आई गेल्यावर मला वाटलं होतं की तो गेला तो गेलाच. दरीत सूर टाकला की समोरचा डोंगर तो धरून ठेवतो. अख्ख्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने एवढं केलं नाही.

मुलगी हसत नाही, एवढंच. ईस्टरपासून नाही हसली. मी जाईन तिथे लोकांना सांगतो की या पोरीने पत्रिका वाटून झाल्यावर नाही म्हणायची हिंमत केली. तो प्लामेन तिला आपल्या आईच्या घरात स्वैपाकाला जुंपणार होता, तिने तोंडावर नाही म्हटलं. सांगताना छाती भरून येते. ती मान खाली घालते. लाजते बिचारी.

टोमॅटोंना पाणी घाल. मी आहे तसाच आहे, तूही असशील तशीच मला हवी आहेस.

तुझा,
नेदेल्चो

प्लेवेन,
१४ जुलै

चि. स्विलेनास,
आत्याचे अ. आ.

तुम्हा दोघांची पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमन म्हणाला, बाई, ही माणसं भांडलीत का? मी म्हटलं, नाही, एका टेबलावर बसलीत. बोलायला तोंडं दिलीत देवाने, पण प्लेवेनला वळसा घातल्याशिवाय तुमचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचत नाही.

आंबट चेरीचा मुरंबा झाला. एक बरणी तुझी. तुझ्या बाबांच्या टोमॅटोंना पाणी घालते आणि त्यांच्याशी बोलतेसुद्धा, कारण तो बोलायचा म्हणे. गुडघा, पाठ काही दुखत असेल तर त्याला विचारत जा. स्वतःहून सांगायचा नाही.

गाण्याचं म्हणशील तर गाऊ दे मेल्याला. तुझी आई गेल्यापासून त्या घरात तीन वर्षं रेडिओसुद्धा हळू लावला जातो. त्याला डोंगरात कंठ फुटला असेल तर तू कानात बोळे घाल. प्लामेनबद्दल मात्र मी त्याला सांगेन. आणि त्या लाकूडतोड्याच्या पुतण्याचा पत्ता फेकू नकोस, माझ्याकडे पाठव. चौकशी करायला काय जातंय!

पाय कोरडे ठेव. आत्याची आठवण फोड आल्यावरच काढू नकोस.

तुझी,
डाफिना आत्या

गोर्नो ब्रेझे,
२६ जुलै

ती. ताईस,
सा. न.

उतारावर गुडघा जरा वळला. स्विलेनाला वरच्या सराईत चांगली सोबत मिळाली. तिच्याच वयाची माणसं आहेत. मीच म्हटलं, तू जा पुढे. तिने फार आग्रह केला, मला एकटं सोडायला तयार नव्हती, पण मी ऐकलं नाही. मुलगी गुणाची आहे.

मी खाली या गावात उतरलोय. वाचनालयाच्या मागच्या खोलीत झोपायला जागा दिलीय. घरी इतक्यात येत नाही. तुझं निळं पातेलं वर सराईत राहिलं, त्याबद्दल रागावू नकोस.

हवा बरी आहे. तिला लिहिशील तेव्हा माझ्याबद्दल विशेष काही लिहू नकोस, उगीच काळजी करेल.

नेदेल्चो

कालोफेर,
२९ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तेतेवेनला तुझं पत्र मिळालं. मुरंब्याचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. सध्या मी फार मजेत आहे. सराईत तीन चेक मुलामुलींची ओळख झाली. ओताकार, त्याची बहीण झ्देंका आणि तिचा मित्र. दोन महिने आपले डोंगर पालथे घालताहेत. आम्ही मोडक्या रशियनमध्ये बोलतो. शाळेत इतकी वर्षं ती भाषा घोकली, तिचा उपयोग शेवटी हा झाला. त्यांचे तंबू एवढे हलके की एका हातात मावतात. आपण हो म्हणताना मान आडवी हलवतो आणि नाही म्हणताना वर उचलतो, ते त्यांना उलटं वाटतं, त्यावरून सारखे घोटाळे होतात. परवा खानावळीत त्यांनी आणखी सूप नको म्हणून मान आडवी हलवली आणि बाईने वाडगे भरून दिले. बोतेव्हच्या शिखरावर वारा असा होता की आम्ही बसून बसून चढलो.

बाबांना कंटाळा आला होता. ते मधूनच खाली उतरले. एव्हाना घरी पोचले असतील. त्यांना म्हणावं, मी ठीक आहे.

ओताकारच्या टाचेची जखम चिघळली आहे, म्हणून इथे आठवडाभर मुक्काम आहे. पत्र इथेच पाठव. बाकी सगळं छान, अगदी छान.

आहेस तशीच जवळ राहा.
स्विलेना

प्लेवेन,
२ ऑगस्ट

चि. स्विलेनास,
अ. आ.

तुझ्या पत्रात छान हा शब्द फार झालाय. पाव भाजताना करपला की आपण तो उलटा ठेवतो, तसं काहीतरी तू उलटं ठेवलंयस.

तुझा बाप लिहितो, गुडघा वळला आणि तू त्याला सोडायला तयार नव्हतीस. तू लिहितेस, त्याला कंटाळा आला. तीन आठवड्यांपूर्वी त्याचे गुडघे वासराचे होते. आणि कंटाळा? त्या माणसाला दाढदुखीचाही कंटाळा येत नाही, तिच्यावरही गाणं रचतो. त्याच्या पत्रात एक विनोद नाही, एक गाणं नाही. माझं पातेलं मागे राहिलं म्हणतो, जे तो झोपतानाही उशाशी ठेवायचा.

आणि तो घरी पोचलेला नाही. त्याच्या टोमॅटोंना अजून मीच पाणी घालतेय.

वर काय झालं, ते लिही. बोतेव्हवरचा वारा मला नको आहे.

आत्या

कालोफेर,
५ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

लिहिते. हे वाचून तू मला भाची म्हणावंस की नाही, ते तूच ठरव.

त्या दिवशी दुपारी गारांचा पाऊस आला. मी पुढे होते, पळत सराईत शिरले. बाबा मागे कुठल्याशा धनगराशी बोलत राहिले होते. आत गर्दी. चेक लोकांनी सरकून मला जागा दिली, त्यांची गोधडी दिली. कोणालाही माझं काही माहीत नव्हतं. ऑफिस नाही, लग्न नाही, काही नाही. आत्या, मला फार बरं वाटलं.

मग लांबून टण् टण् ऐकू यायला लागलं, आणि पावसातही गाणं. ओताकारने चमचा घेतला आणि वाडग्यावर तसंच वाजवत, गाल फुगवून, तोंड वासून गाण्याची नक्कल केली. सगळे हसले. मी पण हसले. पोट दुखेपर्यंत. किती महिन्यांनी.

बराच वेळ हसणं चाललं, मग झ्देंकाने विचारलं, तो गाणारा म्हातारा तुझ्याबरोबर आहे का? मी मान आडवी हलवली. आधी मला वाटलं होतं, तुला एवढंच लिहावं, की मी आपल्या रीतीने हो म्हटलं आणि त्यांनी त्यांच्या रीतीने नाही समजलं. पण मी तोंडानेही बोलले. म्हणाले, छे, कुठला कोण, बरेच दिवस मागे लागलाय, पिच्छा सुटत नाही, डोक्याने जरा हललेला आहे बिचारा. ते पुन्हा हसले.

बाबा भटारखान्याच्या दाराने आत आले होते. माझ्या मागेच उभे होते, दोन हातांत दोन कप घेऊन. त्यांना रशियन माझ्यापेक्षा चांगलं येतं.

त्यांनी एक कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, हा तुमचा चहा, बाई, भिजलात, गरम आहे तोवर घ्या. तुमचा म्हणाले, आत्या. बाई म्हणाले. इतक्या अदबीने, की कोणाला काही शंका येऊ नये. मग दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले, तिथे वारा येत होता. सराईवाल्याने विचारलं, किती जण आहात? त्यांनी सांगितलं, एकटाच. मी तो चहा प्यायले. काय करणार, सगळे बघत होते.

संध्याकाळभर त्यांनी गाणं म्हटलं नाही. मला वाटत राहिलं, आता उठेन, आता त्यांच्या शेजारी जाऊन बसेन. जितका वेळ गेला तितकं उठणं कठीण झालं. सकाळी ते बूट बांधत होते, मी अंगणात उभी होते, चेकही होते. त्यांनी टोपी काढली, म्हणाले, तुमचा प्रवास सुखाचा होवो, आणि खालच्या गावाच्या वाटेला लागले. पातेलं आत खिळ्याला टांगलेलं तसंच होतं. तो उतार उघडा आहे, उतरणारा माणूस बराच वेळ दिसत राहतो. मी हाक मारू शकले असते. नुसती बघत उभी राहिले.

आणि सगळ्यांत लाजेची गोष्ट ही की पहिल्या दिवशी मला हलकं वाटलं. मागे आवाज नाही, झऱ्यांवर थांबणं नाही. एका झऱ्यावर पाणी पिताना दगडावरचं नाव दिसलं आणि मी पाणी अर्धवट टाकून उठले.

काल मी त्या तिघांना खरं सांगितलं. ओताकारने माझी माफी मागितली, जणू चूक त्याची होती. त्यामुळे आणखी मेल्यासारखं झालं.

मला वाटलं होतं की ते घरी असतील. नाहीत तर कुठे आहेत, आत्या? मला शिव्या दे, पण तेवढं कळव.

स्विलेना

प्लेवेन,
८ ऑगस्ट

स्विलेना,

तुझं पत्र एकदाच वाचलं. तेवढं पुरलं.

रागावलेय तुझ्यावर. तुझ्या बापावरही, कारण त्याने साठी ओलांडल्यावर मला खोटं लिहिलं आणि ते नीट लिहिताही आलं नाही. आणि माझ्यावरही. तो मागे लागलाय असं तू म्हणालीस ना, तर त्याला तुझ्या मागे मी लावलं. तू एकटी डोंगरात जाऊन रडत बसशील, अशी मला भीती वाटली. तो नको म्हणत होता. म्हणाला, पोरीला मी नको असेन. मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस, बापाला कोण नको म्हणतं?

तो गोर्नो ब्रेझेत आहे, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. तुला कळवू नकोस म्हणाला होता. मी कळवतेय.

मला उत्तर लिहीत बसू नकोस. पेन खाली ठेव आणि चालायला लाग.

आत्या

गोर्नो ब्रेझे,
१४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

परवा पोचले. बसने लवकर आले असते, पण डोंगर ओलांडूनच आले. बसमध्ये बसून काय विचार करणार होते!

उद्या इथे देवमातेचा सण आहे. वाचनालयाच्या सभागृहात गावातल्या म्हाताऱ्यांचा गायनाचा ताफा तयारी करत होता. दहाबारा जणी, काळे रुमाल बांधलेल्या, आणि त्यांच्यासमोर बाबा, हातात लाकडी चमचा घेऊन ताल देताना. यांचा शिकवणारा गेल्या वर्षी वारला म्हणे, तेव्हापासून गाणं बंद होतं. बाबांचा चेहरा वाळलाय. सूर मात्र पक्का.

मी दारात उभी राहिले. पुढच्या रांगेतल्या वेलिका आजीने मान वळवून विचारलं, कोण गं तू? सगळ्या थांबल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या, त्यांनी रागाने पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. ते रागावले नव्हते. ते विचारत होते. आज मी तुझा कोण व्हायचं, ते तू सांग, मी तसं वागेन, असं ते पाहणं होतं.

मी बहुतेक फारच जोरात म्हटलं, की मी यांची मुलगी आहे. वेलिका आजी म्हणाली, ओरडतेस कशाला, आम्ही म्हाताऱ्या आहोत, बहिऱ्या नाही. दुसरी म्हणाली, मास्तर तर म्हणत होते की मुलगी समुद्राला गेलीय, एवढ्यात समुद्र आटला का? बाबा म्हणाले, मागे बस, दुसरं कडवं राहिलंय.

नंतर विहिरीपाशी मी माफी मागायला लागले, तर त्यांनी विचारलं, जेवलीस का? पुन्हा सुरुवात केली, तर म्हणाले, इथलं दही छान आहे, ते घे. तिसऱ्या वेळी मी दहीच घेतलं.

त्यांनी मला काही म्हटलेलं नाही. काहीच. लोकांना सांगतात, ही स्विलेना. एवढंच. माझं लग्न, पत्रिका, प्लामेन, एक अक्षर नाही. मी सूप समोर आलं की वाट बघते की आता तरी सांगतील. सांगत नाहीत. वाडगा रिकामा होतो.

मी त्या बायकांबरोबर मिरच्या भाजते, अंगण झाडते. आज मिरच्या सोलताना त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. बरं वाटलं.

तुझ्या मनातून उतरले असेन, पण पायरीवर तरी बसू दे.
स्विलेना

गोर्नो ब्रेझे,
१८ ऑगस्ट

ती. ताईस,
नेदेल्चोचा सा. न. वि. वि.

सण पार पडला. ताफ्याने चार गाणी म्हटली. तिसऱ्यात वेलिका आजीने दुसऱ्याच गाण्याचं कडवं घातलं आणि बाकीच्या तिच्यामागे गेल्या, पण लोकांना तेच जास्त आवडलं. पाद्रीबाबांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांना सर्दीही आहे.

तुझ्या भाचीचं आता तुलाच सांगतो, कारण इथे कोणाला सांगायची सोय नाही. ती भेटेल त्याला सांगते की हे माझे बाबा. दुकानदाराला सांगून झालं, पाद्रीबाबांना सांगून झालं. परवा एका ट्रकवाल्याने फक्त त्रोयानचा रस्ता विचारला, तर त्यालाही. हे माझे बाबा, गायन शिकवायचे, यांच्यासारखा आवाज अख्ख्या प्लेवेनमध्ये नाही. ट्रकवाला म्हणाला, बरं, पण डावीकडे की उजवीकडे? मी मान खाली घालून उभा होतो. ताई, सराईत सूप समोर असताना त्या पोरीवर काय गुदरत असेल ते मला त्या ट्रकवाल्यासमोर कळलं. मी अभिमानाने सांगत होतो, आणि तिला चारचौघांत उघडं करत होतो. एकदाही विचारलं नाही की सांगू का म्हणून.

पण ती लाज सोसण्यासारखी आहे. दुसरी नाही. तिने त्या बायकांना सगळं सांगितल्यापासून मी गावात संत झालोय. मुलीचं हसं होऊ नये म्हणून बापाने स्वतःला परका केलं, चहा ठेवून मुकाट्याने बाजूला झाला, असा बाप कुठे मिळतो, म्हणतात. वेलिका आजीने माझ्यासाठी अख्खी कोंबडी शिजवली. मी ती अर्धी तशीच ठेवली.

कारण ते तसं झालं नव्हतं. मी दारात उभा होतो, ती हसत होती. ईस्टरनंतर पहिल्यांदा. आधी मला खरंच वाटलं की हसू दे, मी मागच्या मागे जातो. तेवढं मनात येईपर्यंत मी चांगला माणूस होतो. मग ती जे बोलली ते ऐकलं. तुमचा चहा, बाई, हे मी तिची लाज राखायला म्हटलं नाही. तिला लागावं म्हणून म्हटलं. कुठे लागेल ते मला नेमकं ठाऊक होतं, मी तिचा बाप आहे. सकाळी टोपी काढली तीसुद्धा त्याचसाठी. उतारावर मी मुद्दाम सावकाश चाललो, तिला दिसत राहावं म्हणून. गुडघ्याला काही झालं नव्हतं.

आणि एवढे दिवस मी तिला माफी मागू दिली नाही, तेही मोठ्या मनाने नाही. माफी ऐकली असती तर मला माझंही सांगावं लागलं असतं.

आज सकाळी पाव आणायला निघालो तेव्हा रस्त्यात तिला हे सगळं सांगितलं. पुढे बघतच सांगितलं. ती म्हणाली, बाबा, फार लागलं होतं. मी म्हटलं, लागावं म्हणूनच म्हणालो होतो. ती म्हणाली, मग चहा पुदिन्याचा का केलात, तुम्हाला तर तो आवडत नाही. मी म्हटलं, तो आधीच केला होता. त्यावर ती रस्त्यातच बसली आणि रडली. मीही शेजारी बसलो. एक गाढव आमच्याकडे बघत होतं, त्याला तिने काही सांगितलं नाही.

बेकरीत मी एक पाव उचलला, तिने एक उचलला. बेकरीवाला इथला नव्हता, नवा होता. त्याने विचारलं, एकत्र बांधू की वेगळे? मला वाटलं, आता ही सुरू करणार, हे माझे बाबा. ती म्हणाली, एकत्र. एवढंच, आणि पैसे मोजले.

सोमवारी आम्ही समुद्राकडे निघतो. टोमॅटो पिकले असतील ते तू खा. तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस, दोघांना मिळून लागणार आहे.

तुझा,
नेदेल्चो